सूत्रधाराचं नाव

मराठी नाटकाचं एखादं जुनं छापील पुस्तक हाती आलं, तर पहिल्या अंकाच्या आधीचं पान जरा थांबून वाचा. तिथे पहिल्या प्रयोगाची तारीख असते, नाट्यगृह असतं, संस्था असते. मग दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा. त्याखाली पात्रं आणि ती करणारी माणसं, अगदी दोन वाक्यं बोलून जाणाऱ्या पोस्टमनपर्यंत. आणि तळाला जागा उरली असेल तर ‘रंगमंच व्यवस्था’ अशी एक ओळ. तिच्यापुढे कधी दोन-तीन आडनावं, कधी नुसतं ‘संस्थेचे कार्यकर्ते’. पुष्कळदा ती ओळच नसते.

असली पानं मी गेल्या दोन महिन्यांत बरीच वाचली. कारण घरगुती आहे. गासमधली माझी आतेबहीण मुंबईतल्या एका मोठ्या नाट्यगृहात रंगमंच व्यवस्थापकाच्या जागेसाठी अर्ज करत होती. मी सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे आमच्या सगळ्या भावंडांत रेझ्युमे हे खातं माझ्याकडे. तिने पाठवलेल्या फाइलमध्ये एकतीस नोंदी होत्या: चर्चच्या आवारातली नाटकं, कॉलेजच्या एकांकिका, स्पर्धेतली नाटकं, बालनाट्याचा एक दौरा, आणि शेवटच्या चार वर्षांतली तीन व्यावसायिक नाटकं. अर्जात एकच पान मागितलं होतं. खाली तिचा प्रश्न होता, “दादा, यातलं काय काढू?”

आमच्या धंद्यात या प्रश्नाचं उत्तर सोपं असतं. जुनं काढा, छोटं काढा, नावाजलेलं वर ठेवा. मी तसं करायला बसलो आणि अडकलो. तिच्या सर्वांत नावाजलेल्या नाटकात तिचं काम सर्वांत कमी होतं. सर्वांत अवघड काम तिने जिथे केलं होतं, तिथे तिचं नाव कुठेच छापलेलं नव्हतं. हे तिच्यापुरतंच आहे की या कामाचंच असं आहे, ते बघायला मी मागे मागे जात राहिलो.

आधी हे काम काय ते सांगतो, कारण मलाही ते नीट ठाऊक नव्हतं. तालमीत कोण कुठल्या विंगेतून येतो, कुठल्या वाक्याला उठतो, ग्लास कुठल्या हातात असतो, हे सगळं संहितेच्या समासात टिपायचं. प्रयोगाच्या दिवशी टेम्पोतून उतरलेलं सामान लावून घ्यायचं, प्रॉपर्टी जागच्या जागी आहे का ते मोजायचं, नट आले का बघायचं, तीन घंटा द्यायच्या. पडदा उघडला की प्रकाशवाल्याला आणि संगीतवाल्याला क्यू द्यायचे. ब्लॅकआउटमध्ये सोफा हलवून घ्यायचा, तोही आवाज न करता. नट वाक्य विसरला, वीज गेली, प्रेक्षकांत कुणाला चक्कर आली, तर निर्णय घ्यायचा. आणि हे सगळं नीट झालं तर प्रेक्षकाला या माणसाचं अस्तित्वच कळत नाही.

आता मागे जाऊ. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त शेवटाकडे नाटकमंडळीत कोण कोण असतं याची यादी येते. तिच्यात नट आहे, विदूषक आहे, सूत्रधार आहे. पण त्याच ओळीने मुकुट बनवणारा आहे, दागिने घडवणारा, हार गुंफणारा, वेष करणारा, चित्रं रंगवणारा, कारागीर, आणि चक्क रजक, म्हणजे कपडे धुणारा आहे. आज कुठल्या नाटकाच्या जाहिरातीत धोब्याचं नाव असतं? व्यक्तींची नावं या यादीतही नाहीत, फक्त कामांची आहेत. पण हे काम नाटकाचं आहे की नाही, याबद्दल तिथे शंका दिसत नाही.

सूत्रधार हा या सगळ्यांना बांधून ठेवणारा. दोरी धरणारा. आपला ‘सुतार’ हा शब्दही याच कुळातला. संस्कृत नाटकाच्या सुरुवातीला तो मंचावर येतो आणि आज कुणाचं कोणतं नाटक होणार ते सांगतो. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’मध्ये त्याचा साहाय्यक त्याला विचारतो की भास, सौमिल्ल यांच्यासारखे नामांकित कवी सोडून या नव्या कवीचं नाटक कशाला? सूत्रधार कालिदासाची बाजू घेतो. कालिदासाचं नाव आपल्याला त्याच्या तोंडून कळतं. त्याचं स्वतःचं नाव मात्र तो सांगत नाही. श्रेयनामावली वाचून दाखवणारा आणि स्वतः तिच्यात नसलेला असा हा पहिला माणूस.

मराठीत हा माणूस पुन्हा आला १८४३मध्ये, सांगलीला. विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ केलं, त्यात सूत्रधार प्रयोगभर मंचावर होता. पदं तोच म्हणायचा, कथा तोच पुढे न्यायचा, आणि पात्रं त्याच्या गाण्याच्या आधाराने ऐनवेळी सुचतील ती वाक्यं बोलायची. लेखी संहिता जवळजवळ नाहीच. म्हणजे कुणी कधी यायचं, किती बोलायचं, कधी थांबायचं, हे सगळं सूत्रधाराच्या हातात आणि तेही प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर. मला तर हा ‘लाइव्ह’ क्यू देणारा रंगमंच व्यवस्थापकच वाटतो, फक्त गाऊन क्यू देणारा.

मग १८८०मध्ये पुण्याला अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ आलं. पात्रं स्वतःच गाऊ लागली, त्यांची वाक्यं लिहिलेली होती. सूत्रधार सुरुवातीला नटीबरोबर येऊन प्रवेश करून जाऊ लागला. पुढे नाटकं वास्तववादी झाली तशी ही प्रस्तावनाही गळाली आणि सूत्रधार मंचावरून गेला. काम मात्र राहिलंच की! ते विंगेत सरकलं आणि तुकड्या-तुकड्यांनी वाटलं गेलं. थोडं तालीम मास्तरकडे, थोडं कंपनीच्या मॅनेजरकडे, थोडं प्रॉम्प्टरकडे, थोडं पडदा ओढणाऱ्याकडे. आणि काम तुटलं की नाव कुणाचं लावणार?

नाटक कंपन्यांच्या काळात पडद्यामागच्या माणसाने नाव मिळवल्याची उदाहरणं आहेत, पण ती बहुतेक चित्रकारांची. कोल्हापूरचे बाबुराव मेस्त्री नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवायचे. त्या कामाची ओळख इतकी घट्ट झाली की आडनावच बदललं. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढणारे बाबुराव पेंटर ते हेच. ‘ललितकलादर्श’चे पडदे आणि दृश्यं रंगवणारे पु. श्री. काळे यांनी तर ‘ललितकलेच्या सहवासात’ हे पुस्तक लिहून कंपनीतले दिवस सांगितले. नटांची आत्मचरित्रं आपल्याकडे भरपूर आहेत. पडदा ओढणाऱ्याचं, कपडेपट सांभाळणाऱ्याचं, प्रॉम्प्टरचं आत्मचरित्र शोधायला गेलात तर हात रिकामे राहण्याची तयारी ठेवा. रंगवलेला पडदा प्रेक्षकाला दिसतो. तो नेमक्या ओळीला उघडला, हे दिसत नाही.

८ जुलै १९२१चा ‘संयुक्त मानापमान’ घ्या. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन केलेला प्रयोग. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. नाटकवेड्या घरात हे लहान मुलालाही ठाऊक असतं. पण दोन कंपन्या म्हणजे दोन मालक, दोन कपडेपट, साथीदारांचे दोन संच, आणि एकाच नाटकाच्या दोन वेगळ्या सवयी. ते सगळं एका रात्रीसाठी एका विंगेत कुणी बसवलं? कोणाची पेटी कुठे, कोणाचा मुक्काम किती, कुणाला आधी तयार ठेवायचं? नाट्यरसिक मंडळींना मी हा प्रश्न विचारून पाहिला. सगळे गाण्यांबद्दल बोलू लागले.

१ जुलै १९३३ला ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं तेव्हा या कामाचा आजचा आकार तयार झाला, असं मला वाटतं. नाटक श्री. वि. वर्तकांचं, ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावरून केलेलं. दिग्दर्शक के. नारायण काळे. इतिहासात हे नाटक बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या म्हणून आणि तीन भिंतींच्या बॉक्स सेटसाठी सांगितलं जातं. बॉक्स सेटचा अर्थ विंगेतून बघा. रंगवलेल्या पडद्यावर खुर्ची रंगवलेली असली की ती हलत नाही आणि हरवत नाही. खरी खुर्ची प्रयोगानंतर उचलावी लागते, पुढच्या प्रयोगाला नेमकी त्याच जागी ठेवावी लागते. टेबलावर पत्र असेल तर ते कुणीतरी आधी ठेवलेलं असतं. दार असेल तर ते पलीकडून कुणीतरी वेळेवर उघडतं. वास्तववादाने दिग्दर्शकाचं नाव मोठं केलं आणि त्याच वेळी विंगेतल्या माणसाच्या कामात शंभर बारीक वस्तूंची भर घातली, ज्यांची कुठेच नोंद नाही.

पुढचा कागद म्हणजे स्पर्धेचा. १९५४पासून राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली आणि हौशी रंगभूमीला एक साचा मिळाला. निकाल वाचा: दिग्दर्शन, प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा, अभिनयाची रौप्यपदकं. दरवर्षी, केंद्रागणिक, याच क्रमाने. ज्या कामाला बक्षीस असतं त्या कामाचं नाव पेपरात येतं, कात्रण होतं, घरी फ्रेम होते आणि वीस वर्षांनी रेझ्युमेत उतरतं. रंगमंच व्यवस्थेला त्या रांगेत खुर्ची नाही. ब्रॉडवेवरही वेगळं नाही. टोनी पुरस्कारांत नेपथ्य, वेषभूषा, प्रकाश, ध्वनी यांना स्पर्धेचे विभाग आहेत, स्टेज मॅनेजमेंटला नाही. मात्र तिथल्या नटांच्या संघटनेत, १९१३मध्ये स्थापन झालेल्या ‘ॲक्टर्स इक्विटी’त, स्टेज मॅनेजर हे नटांच्या बरोबरीने सभासद असतात. हा फरक मला बक्षिसापेक्षा मोठा वाटतो. कराराच्या कागदावर हुद्दा लिहिलेला असला की जाहिरातीत नाव आलं नाही तरी माणूस पुसला जात नाही.

हौशी नाटकाबद्दल आणखी एक. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) मुंबईची हौशी मंडळी एका गावात प्रयोगाला येतात. हॉल उघडून देणारा गावातला सामंत असतो. मंडळातला एक जण आलेला नाही म्हणून तालमीत यालाच साक्षीदार करून उभा करतात. नाटकाबद्दल बोलताना सगळे बेणारेबाईंबद्दल बोलतात, आणि तेच बरोबर आहे. पण गावातल्या प्रत्येक नाटकाला असा एक सामंत असतो. किल्ली त्याच्याकडे, खुर्च्या त्याच्याकडे, आणि माणूस कमी पडला तर तोच. आमच्याकडे, गासला, माझ्या बहिणीची सुरुवात अशीच झाली. चर्चच्या नाटकात एक मुलगी आजारी पडली म्हणून ती उभी राहिली, आणि उभं राहताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला सगळ्यांची वाक्यं पाठ आहेत.

म्हणून पहिली कात्री भूमिकांना लावली. एकतीसपैकी सहा नोंदी तिने अभिनय केलेल्या होत्या. त्या गेल्या. तिला वाईट वाटलं, कारण त्यांतल्या एकीसाठी तिला प्रमाणपत्र होतं. पण रंगमंच व्यवस्थापक शोधणारा माणूस भूमिका वाचून म्हणतो, हिला खरं तर नट व्हायचंय. ‘साहाय्य’ एवढंच लिहिलेल्या चार एकांकिका गेल्या. स्पर्धेतल्या दोन एकांकिका ठेवल्या, कारण तिथे नेपथ्य लावायला आणि काढायला मोजून मिनिटं मिळतात, आणि ती मिनिटं तिने पाळली होती.

इथे माझ्या क्षेत्रातला एक किस्सा सांगायलाच हवा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अटारी कंपनी व्हिडिओ गेमवर तो बनवणाऱ्याचं नाव घालत नसे. एका माणसाने केलेला गेम, नाव फक्त कंपनीचं. वॉरन रॉबिनेटने ‘ॲडव्हेंचर’ गेममध्ये एक गुप्त खोली केली आणि तिच्यात आपलं नाव लपवून ठेवलं. कंपनीला कळेपर्यंत गेम बाजारात होता. १९७९मध्ये याच कंपनीतले चार प्रोग्रामर बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. श्रेय न मिळणं हे त्यांच्या रागाचं एक मोठं कारण होतं. आज मी एक ओळ बदलली तरी गिटमध्ये माझं नाव, तारीख, वेळ कायमची नोंदली जाते. पण आमच्याकडेही रिलीजच्या रात्री जागून सगळ्यांच्या तारा जुळवणाऱ्या माणसाची कमिट-संख्या शून्य असू शकते. त्याने कोड लिहिलेला नसतो, फक्त काही बिघडू दिलेलं नसतं.

‘तो मी नव्हेच’चं उदाहरण इथे चपखल बसतं. अत्र्यांचं नाटक, मो. ग. रांगणेकरांचं दिग्दर्शन, १९६२ साल, फिरता रंगमंच, आणि प्रभाकर पणशीकर पाच रूपांत. फिरत्या रंगमंचावर पुढच्या भागात कोर्ट चालू असताना मागच्या भागात पुढचं घर लावून तयार ठेवायचं असतं. विंगेत लखोबाचा दिवाकर दातार करायचा, त्याचा कॅप्टन परांजपे करायचा, आणि चक्र फिरण्याआधी तो माणूस जागेवर उभा हवा. पणशीकरांनी ही भूमिका वर्षानुवर्षं केली, प्रयोगांचे आकडे चढत गेले. हे आकडे नाटकाचे असतात, नटाचेही असतात. ‘शंभरावा प्रयोग’ लिहिलेला फलक आपण पाहतो. त्या शंभरांत विंगेतली माणसं कितीदा बदलली, ते फलकावर लिहायची पद्धत नाही.

माझ्या बहिणीच्या एकतीस नोंदींतली सर्वांत अवघड नोंद नेमकी हीच होती. एका व्यावसायिक नाटकाचा मूळ व्यवस्थापक मध्येच सोडून गेला. हिला तीन दिवसांत संहिता हातात देऊन उभं केलं, आणि पुढचे अडतीस प्रयोग हिने चालवले. जाहिरात आधीच तयार होती, ती तशीच राहिली. फोयरमधला बोर्डही तसाच. पैसे ‘नाइट’वर, म्हणजे प्रयोगामागे ठरलेले. नियुक्तीचं पत्र नाही. अडतीस हा आकडा तरी कशावरून, असं मी विचारलं. तिने मोबाइल पुढे केला. बँकेचे छत्तीस मेसेज, दोन प्रयोगांचे पैसे रोख. छापील श्रेय शून्य, पण ‘तुमच्या खात्यात रक्कम क्रेडिट झाली’ असं छत्तीस वेळा लिहिलेलं. आम्ही दोघंही हसलो, पण नोंद मात्र त्यावरूनच पक्की झाली.

ती नोंद घालायची का? तिचं म्हणणं, नाव छापलेलं नाही तर उद्या कुणी खोटं म्हणेल. माझं म्हणणं, न छापलेल्या नावांनीच हा इतिहास भरलाय. १६२३मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांचं पहिलं मोठं पुस्तक छापलं गेलं तेव्हा त्यात प्रमुख नटांची सव्वीस नावं आली, खुद्द शेक्सपिअरसकट. त्या नाटकमंडळीत संहिता सांभाळणारा, प्रवेशांवर लक्ष ठेवणारा ‘बुक-कीपर’ असायचा. त्या पानावर तो नाही. म्हणून त्याने काम केलं नाही असं थोडंच होतं? पण खरं नाव खऱ्या हुद्द्यावरच लागायला हवं. तिने आधी ‘रंगमंच व्यवस्थापक’ एवढंच लिहिलं होतं. आम्ही ते ‘बदली रंगमंच व्यवस्थापक, ३८ प्रयोग’ असं केलं आणि महिना-वर्ष घातलं. तिने दिग्दर्शकाला फोन केला. ते म्हणाले, माझा नंबर दे, मी सांगतो. हे जितकं सोपं झालं, तितकं ते सगळ्यांचं होत नाही.

नावाजलेल्या नाटकाचं काय केलं ते सांगतो, कारण यावर आमचं भांडण झालं. तिथे तिने सहा प्रयोग प्रॉपर्टी लावायला मदत केली होती. नाटकाचं नाव वाचून कुणाचेही डोळे चमकतील. मी म्हटलं, ठेव. ती म्हणाली, मुलाखतीत विचारलं की दुसऱ्या अंकाचा बदल किती सेकंदांचा होता, तर मला सांगता येणार नाही, कारण तो मी कधी चालवला नाही. नोंद गेली. तिच्या जागी मी असतो तर ठेवली असती.

‘सूत्रधार’ हा शब्द आज कुठे आहे, तेही याच दिवसांत नीट पाहिलं. पेपरमधल्या नाटकांच्या जाहिरातीत लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, संगीत यांच्यानंतर बारीक अक्षरांत ‘सूत्रधार’ असतो. गोट्या सावंत हे नाव त्या शब्दाशेजारी तुम्ही कितीदा तरी वाचलं असेल. हा सूत्रधार प्रस्तावना म्हणत नाही. तारखा, नाट्यगृहं, बस, टेम्पो, माणसं, पैसे, सगळं जमवतो. म्हणजे मंचावरून गेलेला माणूस जाहिरातीच्या तळाशी का होईना परत आला, आणि या वेळी नावासकट. मराठी रंगभूमीने या कामासाठी इंग्रजी शब्द न घेता आपला सर्वांत जुना शब्द परत काढला, याचं मला फार कौतुक आहे. विंगेत उभं राहून क्यू देणाऱ्यापर्यंत मात्र तो शब्द अजून पोचलेला नाही. प्रायोगिक रंगभूमीवर अरुण काकडे होते. १९७१मध्ये स्थापन झालेल्या ‘आविष्कार’चे ते आधारस्तंभ. छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकाची चळवळ उभी राहिली तेव्हा तिथल्या व्यवस्थेपासून तिकिटांपर्यंत सगळं पाहणारे. त्यांच्या कामाला एक शब्द कुणाला सापडला नाही. सगळे नुसतं ‘काकडेकाका’ म्हणायचे.

आता चर्चच्या नाटकाकडे येतो. तिने ते सर्वांत तळाला टाकलं होतं, आणि पान भरलं की पहिलं काढायचं म्हणून त्यावर पिवळी खूण केली होती. येशूच्या दुःखसहनावरचं नाटक, उपवासकाळात गासला केलेलं. एकच प्रयोग. माणसं चौसष्ट, त्यांत अकरा मुलं आणि तीन आजोबा. चाळीस दिवस तालमी, त्याही संध्याकाळी वाडीतली कामं आटोपून लोक येतील तेव्हा. उघडं मैदान, पडदा नाही, विंग म्हणजे दोन माडांमध्ये बांधलेली ताडपत्री. बोलायचं प्रमाण मराठीत, पण ताडपत्रीमागच्या सूचना कादोडीत, कारण घाईत तीच तोंडात येते. मध्येच वीज गेली तेव्हा जनरेटर चालू होईपर्यंत तिने गायकवृंदाला खूण करून एक गाणं जास्तीचं म्हणायला लावलं. प्रेक्षकांना तो नाटकाचाच भाग वाटला.

“ते चर्चचं आहे दादा. मुंबईतले लोक हसतील.”

वसईकरांना हे हसणं माहीत असतं. आम्ही १५३४नंतर पोर्तुगीजांखाली दोनशे वर्षं होतो, म्हणून आमची नाटकं मराठी नाटकांत धरायची की नाही, असा प्रश्न चेहऱ्यावर घेऊन लोक बोलतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही तो प्रश्न मोठ्याने विचारला गेलाच. पण रेझ्युमे वाचणाऱ्याला धर्म नको असतो, आकार हवा असतो. चौसष्ट माणसं, एक प्रयोग, दुसरी संधी नाही. तिच्या तिन्ही व्यावसायिक नाटकांतली पात्रं एकत्र केली तरी बेरीज वीसच्या पुढे जात नव्हती. मी ती नोंद दुसऱ्या क्रमांकावर घेतली, अडतीस प्रयोगांच्या खाली. तिने ती पुन्हा तळाला नेली. शेवटी पाचव्यावर तह झाला.

अकरा नोंदी राहिल्या. प्रत्येकीत नाटक, संस्था, दिग्दर्शक, हुद्दा, प्रयोगसंख्या आणि साल. बालनाट्याच्या दौऱ्यासमोर गावांची संख्या. ‘मेहनती’, ‘टीम प्लेअर’ वगैरे सगळं काढलं. एक ओळ मला घालायची होती, तिला नको होती: दादरचा प्रयोग संपवून, सामान टेम्पोत चढवून, शेवटची विरार लोकल तिने एकदाही चुकवलेली नाही. वेळेचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही. ती म्हणाली, हे वाचून त्यांना एवढंच कळेल की मी लांब राहते.

पान तयार झाल्यावर तिने विचारलं, सोबत प्रॉम्प्ट-कॉपीची पानं जोडू का? म्हणजे तिची ती संहिता, समासात खुणा केलेली. प्रकाशाचे क्यू निळ्या पेनाने, संगीताचे लाल, माणसांच्या हालचाली पेन्सिलने, कारण त्या बदलतात. अशा किती संहिता मराठी रंगभूमीवर तयार झाल्या असतील! भाव्यांनंतरच्या पावणेदोनशे वर्षांत संयुक्त मानापमान, आंधळ्यांची शाळा, लखोबाचा फिरता रंगमंच, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी काहीतरी टिपूनच ठेवलं असणार. नाटक बंद झालं की या वह्या टेम्पोच्या मागे, माळ्यावर, रद्दीत जातात. छापील पुस्तकात नाटककाराची वाक्यं उरतात. पंखा कितव्या वाक्याला बंद झाला, ते जातं.

तिच्याकडे सात वह्या आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आम्ही अंगणात उजेडात तीन पानांचे फोटो काढले. दोन बदली व्यवस्थापक असतानाच्या नाटकाची, एक चर्चच्या नाटकाचं. त्या तिसऱ्या पानावर, क्रूस उचलायच्या क्यूशेजारी, पेन्सिलीने दोन शब्द कादोडीत होते. हे खोडायचे का, म्हणून मी विचारलं. तिने मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.